विटा, जमाखर्च आणि भांडवल

धंदा शिकवता येतो काय, असा प्रश्न निघाला की आपल्याकडे उत्तर ठरलेले असते : 'ते रक्तातच असावे लागते.' अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांचा इतिहास पाहिला म्हणजे आम्हांला हे उत्तर आळशीपणाचे वाटते. ज्यांचा देहही पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या मालकीचा होता, त्यांच्या रक्तात व्यापार यावा कोठून? १८६५ साली तेथील गुलामगिरी कायद्याने संपली. (त्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांनाच जोतीरावांनी १८७३ मध्ये आपले 'गुलामगिरी' अर्पण केले.)

बुकर वॉशिंग्टन यांनी १८८१ साली अलाबामातील टस्कीगी येथे शाळा काढली. इमारतीला विटा हव्यात, तर त्या विद्यार्थ्यांनीच भाजाव्यात असे ठरले. भट्टी तीनदा फसली. हातात पैसा उरला नाही. तेव्हा वॉशिंग्टननी आपले घड्याळ पंधरा डॉलरांना गहाण टाकले आणि चौथी भट्टी लावली. ती साधली, घड्याळ मात्र कधीच सुटले नाही. पुढे एका हंगामात बारा लाख विटा निघू लागल्या, आणि या शाळेविषयी ज्यांना मुळीच आस्था नव्हती असे गोरे गृहस्थही केवळ वीट चांगली म्हणून दारी येऊ लागले. माती, जोखीम, कर्ज, गिऱ्हाईक : उद्योगाचा सारा अभ्यासक्रम त्या एका भट्टीत आला, असे आम्हांस वाटते.

यावर डुबॉइस यांनी १९०३ मध्ये कडक टीका केली. हाताला काम देऊन मताचा हक्क आणि उच्च शिक्षण मागे ठेवायचे, हा सौदा त्यांना मान्य नव्हता. आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण त्यांना धंद्याचे वावडे होते असे मात्र कोणी समजू नये. अटलांटा विद्यापीठातून कृष्णवर्णीय व्यापाऱ्यांची पाहणी १८९९ साली प्रसिद्ध झाली, ती त्यांचीच. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टननी बोस्टनमध्ये अशा व्यापाऱ्यांचा संघ स्थापला.

खरी अडचण निराळीच होती. जमाखर्च शिकवता येतो. भांडवल कोठून आणावे? मुक्त झालेल्यांसाठी १८६५ साली निघालेली बचतपेढी १८७४ मध्ये बुडाली आणि हजारो कष्टकऱ्यांची पुंजी तिच्यात अडकली. जेथे पैसा जमला तेथेही तो सुरक्षित नव्हता. टल्सा शहरातील ग्रीनवुड ही भरभराटीची पेठ १९२१ साली गोऱ्या जमावाने दोन दिवसांत जाळून टाकली. तेथील दुकानदारांना हिशेब येत नव्हता थोडाच!

नॉर्थ कॅरोलिनातील डरहॅम गावाकडे आमचे लक्ष जाते ते यामुळे. तेथे कृष्णवर्णीयांनी १८९८ मध्ये विमा कंपनी काढली, १९०८ मध्ये पेढी उघडली, आणि १९१० साली जेम्स शेपर्ड यांचे विद्यालय सुरू झाले. तेच आजचे नॉर्थ कॅरोलिना सेंट्रल विद्यापीठ. शिकलेल्या मुलाला कारकुनीची जागा आणि दुकानदाराला कर्ज आपल्याच माणसांकडे मागता येईल, अशी सोय त्या एका गावात बारा वर्षांत उभी राहिली.