सहा स्पीकर, आवाज मात्र दोघांतूनच
आता तुम्ही म्हणाल, सर, ॲम्प्लिफायर बिघडला. थांबा! हसनाबादहून तो बसमध्ये घालून जालन्याला नेण्याआधी मागची वायर बघा. ऑप्टिकल आहे ना? मग गोम तिथंच आहे. ऑप्टिकलमधून न दाबलेला आवाज फक्त दोन चॅनेलचा जातो. सहा हवे तर डॉल्बी किंवा डीटीएसमध्ये दाबूनच. हिशोब करा: २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झ, सहा चॅनेल, म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८ कोटी बिट. एवढा माल एचडीएमआय सहज नेते, आठ चॅनेल, १९२ किलोहर्ट्‌झपर्यंत.

वायर बदलली, तरी विंडोजमध्ये स्पीकर ‘स्टिरिओ’वरच राहिलेले असतात, हे हमखास विसरतं. ते ५.१ करा. प्लेअरमध्ये वासापी एक्सक्लुझिव्ह निवडा. नाहीतर विंडोज तुमचे ९६ गुपचूप ४८ वर आणून ठेवेल.