‘इगर्जी’ शब्दाचें मूळ

गोवें, वसई इत्यादि पोर्तुगीज अंमलाखालील प्रांतांच्या कागदांत ‘इगर्जी’ हा शब्द संशोधकांस भेटतो. हिंदींतील ‘गिरजा’ त्यास जवळचा दिसतो, म्हणून कोणी त्याचें नातें संस्कृत ‘गिरिजे’शीं जोडूं पाहील. परंतु केवळ ध्वनिसाम्य म्हणजे व्युत्पत्ति नव्हे. हे दोन्ही शब्द पोर्तुगीज ‘इग्रेजा’ याचीं रूपें होत, आणि त्याचें मूळ लॅटिन ‘एक्लेसिआ’ हें आहे.

लॅटिनांतहि हा शब्द उसनाच. ग्रीकांत त्याचा अर्थ हांक देऊन जमविलेली सभा. अथेन्सच्या नागरिकसभेचें हेंच नांव होतें. ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या ग्रीक भाषांतरांत तें इस्रायलच्या मंडळीस लाविलें, व पुढें ख्रिस्ती लोकांनीं आपल्या समुदायास दिलें. लॅटिन लेखकांनीं भाषांतर न करितां शब्दच उचलला. अर्थात् मूळ अर्थ माणसांचा मेळा. इमारत हा अर्थ मागाहूनचा.

यापासून इटालियन ‘किएझा’, स्पॅनिश ‘इग्लेसिया’ व फ्रेंच ‘एग्लीझ’ हे शब्द झाले. पोर्तुगीजांत ‘क’चा ‘ग’ आणि ‘ल’चा ‘र’ झाला. र-लांचा अभेद मानणाऱ्या आमच्या पंडितांस यांत नवल वाटूं नये.

याच कुळांतील रुमानियन भाषेंत मात्र ‘बिसेरिका’ असा निराळाच शब्द आहे. तो लॅटिन ‘बासिलिका’पासून निघाला. बासिलिका म्हणजे रोमन लोकांची न्यायदानाची व व्यापाराची सार्वजनिक इमारत. इ. स. ३१३ नंतर कॉन्स्टन्टाइन बादशहानें त्याच धर्तीवर भव्य प्रार्थनामंदिरें बांधविलीं, आणि तें नांव त्यांस जडलें. स्वित्झर्लंडांतील रोमांश भाषेनेंहि हाच शब्द राखिला आहे. एकाच वास्तूस एका बाजूनें सभेचें नांव मिळालें, दुसऱ्या बाजूनें इमारतीचें.

हा भेद आमच्या संग्राहकांच्याहि उपयोगाचा आहे. पोर्तुगीज लेखांत ‘इग्रेजा’ म्हणजे धर्मसंस्था किंवा तिची वास्तु, असे दोन अर्थ संभवतात; मराठींत ‘इगर्जी’ म्हणतांच वास्तूच डोळ्यांपुढें येते. म्हणून अमुक शेत इग्रेजाचें, असें पोर्तुगीज दस्तऐवजांत आढळल्यास त्या शेतांत इमारत उभी होती असें अनुमान काढणें धाडसाचें होय. मालकी संस्थेची असूं शकेल. आधीं शब्द पारखावा, मग कागद लावावा, हेंच आम्हांस श्रेयस्कर वाटतें.