कामावर जाणाऱ्या बाईचा डबा

आपल्या घरातून सकाळी किती डबे निघतात ते एकदा मोजून पाहा. मुलांचा निघतो, नवऱ्याचा निघतो. आणि पहाटे उठून ज्या बाईने ते भरले, ती स्वतः चहा-खारीवर चार घरची धुणीभांडी करायला, रस्ता झाडायला किंवा नाक्यावर उभी राहायला जाते. तपासणी शिबिरात आम्ही विचारतो, "ताई, दुपारी काय खाता?" उत्तर ठरलेले असते, "घरी गेल्यावर खाते." घरी पोचायला तीन वाजलेले असतात.

याचा हिशेब रक्तात दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांत ५४ जणींना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदरपणी ११ च्या खाली गेले की तो रक्तक्षय. जिना चढताना धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय ओढल्यासारखे होतात. बायका याला 'जरा थकवा' म्हणतात आणि वरून आणखी एक चहा घेतात. जेवणासोबतचा चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा टाळा. लोहाची गोळी चालू असेल तर तीही चहासोबत नको.

"डब्याला पैसा लागतो," असे भगिनी म्हणतात. मग बाहेरच्या खाण्याचाच हिशेब करू. वडापाव वीसचा, दोन कटिंग वीसचे. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर हजाराच्या वर गेले. रेशनकार्डावर धान्य मिळत असेल तर गहू-तांदळाचा खर्च निम्मा सुटतो. उरते ती उसळ, पालेभाजी, शेंगदाणे आणि जमेल तेव्हा अंडे. एका बाईच्या डब्याला महिन्याला किलोभर मटकी पुष्कळ होते.

मटकी सकाळी भिजत घाला, रात्री उपसून ओल्या फडक्यात बांधा, दुसऱ्या दिवशी सकाळी मोड तयार. मोड आले की कडधान्यातले लोह अंगी जास्त लागते. कच्ची नेऊ नका, नीट शिजवा. कांदा, लसूण, मीठ, तिखट घालून सुकीच परता, रस्सा ठेवू नका. डब्यात लिंबाची फोड टाका आणि खाताना पिळा. लिंबाने लोह शोषायला मदत होते, आणि हे औषधाच्या दुकानातल्या टॉनिकपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

सोबत चपाती चालेल, पण थंडीत बाजरीची भाकरी करा. बाजरीत तांदळापेक्षा लोह पुष्कळ जास्त असते. मेथी, चवळई, शेवग्याचा पाला डाळीचे पीठ पेरून परतला की दुपारपर्यंत चांगला राहतो. शेवगा वस्तीच्या कडेला उभा असतो; आपण शेंगा तेवढ्या काढतो आणि पाला तसाच सोडतो. अंडे उकडून कवचासकट न्या आणि दहाच्या चहाऐवजी खाऊन टाका. उन्हात दुपारपर्यंत ठेवू नका. सुकटीची चटणी सुकी आणि टिकाऊ, प्रथिनांनी भरलेली. कामाच्या ठिकाणी कुणी वासाने नाक मुरडतात म्हणून अनेक जणी ती नेणेच सोडतात. नाक त्यांचे, पोट आपले.

गूळ-शेंगदाणे खा, बीट आवडत असेल तर बीट खा. पण गुळाने किंवा बीटच्या लाल रंगाने रक्त भरून येते या समजुतीवर भिस्त ठेवू नका. गुळातले लोह फार थोडे असते. शेंगदाणे मात्र खरेच कामाचे.

घरकाम करणाऱ्या भगिनींना आणखी एक सांगायचे आहे. मालकीणबाई फ्रिजमधले परवाचे काढून देतात, 'टाकून देण्यापेक्षा तू खा' म्हणतात. उष्टे-शिळे खाऊ नका हे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितले ते स्वाभिमानासाठी. आम्ही परिचारिका म्हणून त्यात पोटाचेही कारण जोडतो: दोन-तीन वेळा बाहेर काढलेला, पुन्हा गरम केलेला भात जुलाब-उलट्यांना आमंत्रण देतो. वास आला नाही म्हणजे तो चांगला असे नाही. आपला डबा पिशवीत असला की नको म्हणणे सोपे जाते.

आपल्या डब्यातही उन्हाळ्यात भात, खिचडी, ओले खोबरे नको. पोळी-भाजीची वाफ जाऊ द्या, पंधरा-वीस मिनिटांनी झाकण लावा; गरम भरले की आत पाणी सुटते आणि भाजी आंबते. भाकरी वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई अन्नाला लागते. २०१८ च्या अन्न पॅकिंगच्या नियमांनी वर्तमानपत्राला मनाईच आहे. जुन्या सुती साडीचा धुतलेला तुकडा यासाठी उत्तम, रोज धुवायचा. झाडूकाम करणाऱ्यांनी पाण्याची एक बाटली हात धुण्यासाठी वेगळी न्यावी आणि साबणाचा तुकडा डबीत ठेवावा.

पहाटे वेळ नसतो हे खरे. म्हणून रात्रीच लसूण सोलून, पाला निवडून, कणीक मळून ठेवायची, आणि ही कामे मुलग्याला व नवऱ्याला येत नाहीत असे काही नाही. डबे भरताना बाईने आपला पहिला भरावा. शेवटी भरायला घेतला की तो रिकामाच राहतो.

महिनाअखेरीला मटकी संपली, अंडी परवडत नाहीत, असे दिवस येतातच. रविवारी शेंगदाणे, जवस, तीळ भाजून, लसूण-मिरचीसोबत कुटून बरणी भरून ठेवा. पंधरा दिवस टिकते. त्या दिवशी दोन भाकरी, मुठीएवढी चटणी, एक कांदा, लिंबाची फोड.