काला कापूस व कच्छी हातमाग विणकाम

गुजरात राज्याच्या कच्छ जिल्ह्यातील वणकर समाजाचा पारंपरिक हस्तव्यवसाय व त्यात वापरला जाणारा एक देशी कापूस. भुज शहराजवळील भुजोडी हे गाव ह्या विणकामाचे प्रसिद्ध केंद्र होय.

वणकरांचे मूळ ग्राहक म्हणजे रबारी पशुपालक व आसपासचे शेतकरी. रबारी स्त्रिया मेंढ्यांची लोकर कातून सूत वणकरांना देत. वणकर त्यापासून पुरुषांसाठी ढाबळो (घोंगडी) व स्त्रियांसाठी लुडी (ओढणी) विणत. माग अरुंद असल्याने दोन पट्टे ‘माछीकांटो’ नावाच्या टाक्याने जोडले जात. वस्त्रावरील आकृत्या जादा बाण्याच्या पद्धतीने उठवितात : ताण्याचे धागे मोजून व बोटांनी उचलून त्यांत रंगीत सूत भरले जाते. चौमुख, सातखणी, ढोलकी इ. आकृतिबंध लोकजीवनातून व लोकभरतकामातून आलेले असून ते कागदावर न रेखाटता स्मरणाने विणले जातात.

गिरणीचे व कृत्रिम धाग्याचे कापड स्वस्तात मिळू लागल्यावर स्थानिक मागणी घटली. वणकर शहरी बाजारासाठी शाली विणू लागले. लोकरीबरोबर ॲक्रिलिक सूतही मागावर आले. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने ह्या व्यवसायाची मोठी हानी झाली. पुनर्वसनाच्या काळात २००५ साली स्थापन झालेल्या ‘खमीर’ ह्या संस्थेने पुढे काला कापसाच्या वापरास चालना दिली.

काला कापूस ही गॉसिपियम हर्बेसियम ह्या जातीची कोरडवाहू वनस्पती आहे. ‘काला’ ह्या गुजराती शब्दाचा अर्थ येथे बोंड असा आहे. रंगाशी त्याचा संबंध नाही. बोंड पिकल्यावरही पुरते उमलत नाही, म्हणून ते फोडून कापूस काढावा लागतो. हे पीक पावसाच्या पाण्यावर वाढते व त्यास खते आणि कीटकनाशके फारशी लागत नाहीत. तथापि त्याचा तंतू आखूड असतो. लांब तंतूंसाठी बनविलेल्या गिरणीयंत्रांवर तो नीट कातला जात नाही. चरख्यावर मात्र त्याचे जाडसर, टिकाऊ सूत निघते. गिरणीने नाकारलेला हा कापूस हातमागाला अशा प्रकारे सोयीचा ठरतो. नीळ, लाख, मंजिष्ठा ह्यांसारखे नैसर्गिक रंगही त्यावर वापरतात. ह्या कापडाच्या साड्या, उपरणी व शिवलेले कपडे आता शहरांतील ग्राहकांपर्यंत पोहोचतात.

ह्या वस्त्राची किंमत मुख्यतः श्रमाची असते. नक्षी दाट असेल तितके काम मंदावते. यंत्रमागावर तीच नक्षी अल्पावधीत व स्वस्तात उतरविता येते आणि अशा नकलांची स्पर्धा वणकरांना जाणवते. कच्छी शालीला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले आहे. परंतु ते नावापुरते असते, अन्य नावाने विकल्या जाणाऱ्या नकलेस ते सहसा रोखू शकत नाही. लोककलेतील आकृती केवळ उचलल्याने वस्त्र पर्यावरणानुकूल होत नाही. कोरडवाहू शेतकरी, कातणारे हात व विणकर ह्या तिघांनाही पुरेसा मोबदला मिळाला, तरच ही परंपरा उपजीविका म्हणून टिकू शकते.