टी पेशींचे प्रकार आणि कार्य: बीसीजीच्या व्रणापासून सीडी४ च्या मोजणीपर्यंत

आपल्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावर एक छोटा गोल व्रण असतो. तो बीसीजी लशीचा. ही लस तयार करणारी सरकारी प्रयोगशाळा चेन्नईच्या गिंडी भागात १९४८ मध्ये सुरू झाली. लस म्हटले की आपल्याला प्रतिपिंडे आठवतात. बीसीजीचा भर मात्र मुख्यतः टी पेशींवर आहे. या टिपणात आपण टी पेशींचे प्रकार, त्यांची कामे आणि त्यांत बिघाड झाल्यास होणारे आजार पाहू. जीवशास्त्र शाळेतच सोडून आलेल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना समजेल अशी मांडणी ठेवली आहे.

१. टी पेशी कुठे घडतात?

सर्व रक्तपेशींप्रमाणे टी पेशींचा उगमही अस्थिमज्जेत होतो, पण त्यांची जडणघडण छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत होते. ‘टी’ हे अक्षर थायमसवरूनच आले. या ग्रंथीचे महत्त्व जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. तोपर्यंत ती निरुपयोगी मानली जात असे.

थायमसमध्ये दोन चाळण्या लागतात. शरीराच्या ओळखखुणा वाचताच न येणारी पेशी पहिल्या चाळणीत बाद होते. स्वतःच्याच शरीरावर जोरात हल्ला करू पाहणारी पेशी दुसऱ्या चाळणीत बाद होते. बहुसंख्य पेशी इथेच मरतात आणि थोड्याच बाहेर पडतात.

२. टी पेशी शत्रू कसा ओळखते?

प्रतिपिंड अख्ख्या जंतूला चिकटू शकते. टी पेशीला जंतू सरळ दिसत नाही. दुसऱ्या पेशीने जंतूच्या प्रथिनाचा तुकडा एमएचसी नावाच्या रेणूवर ठेवून दाखवावा लागतो. वर्ग १ चा एमएचसी जवळजवळ सर्व केंद्रकयुक्त पेशींवर असतो आणि तो सीडी८ टी पेशी वाचतात. वर्ग २ चा एमएचसी मुख्यतः महाभक्षी पेशी, वृक्षिका पेशी आणि बी पेशींवर असतो. तो सीडी४ टी पेशी वाचतात.

नुसता तुकडा जुळला म्हणून नवखी टी पेशी कामाला लागत नाही. दाखवणाऱ्या पेशीकडून ‘धोका आहे’ असा दुसरा संकेतही यावा लागतो. तर्कपरिपथाच्या भाषेत हे अँड गेट आहे. पहिलाच संकेत मिळाला आणि दुसरा आला नाही, तर पेशी निष्क्रिय होते. आपल्याच शरीरावर हल्ला होऊ नये यासाठी हा बंदोबस्त असतो.

३. मुख्य प्रकार

साहाय्यक टी पेशी (सीडी४): या स्वतः फारसे मारत नाहीत, सायटोकाइन नावाच्या रसायनांद्वारे इतरांना कामाला लावतात. टीएच१ पेशी इंटरफेरॉन गॅमा सोडून महाभक्षी पेशींची मारकशक्ती वाढवतात. टीएच२ पेशी जंतांविरुद्ध उपयोगी पडतात. ॲलर्जी आणि दम्यामागेही बऱ्याचदा त्याच असतात. टीएच१७ पेशी बुरशी आणि काही जिवाणूंविरुद्ध न्यूट्रोफिल गोळा करतात. आणखी एक गट बी पेशींना चांगली प्रतिपिंडे बनवण्यास मदत करतो.

मारक टी पेशी (सीडी८): विषाणू शिरलेली किंवा कर्करोगाची पेशी सापडली की या तिला चिकटतात. परफोरिन तिच्या आवरणात छिद्रे पाडते, ग्रॅन्झाइम आत जाते आणि ती पेशी स्वतःला संपवते.

नियामक टी पेशी: प्रतिसाद आवरता घेणे हे यांचे काम, नियंत्रण प्रणालीतील ऋण प्रतिसंभरणासारखे. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्यांची ओळख पटवली. याच विषयातील शोधांसाठी साकागुची, मेरी ब्रंकॉ आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

स्मृती टी पेशी: लढाई संपल्यावर बहुतेक टी पेशी मरतात, काही वर्षानुवर्षे टिकतात. तोच जंतू पुन्हा आला की त्या लवकर आणि जोमाने उत्तर देतात.

४. क्षयरोग: संरक्षण आणि त्याची मर्यादा

क्षयाचा जिवाणू महाभक्षी पेशीच्या आतच राहतो. तिथे प्रतिपिंडे पोचत नाहीत. म्हणून टीएच१ पेशींनी महाभक्षी पेशीला बळ देणे निर्णायक ठरते. मॅन्टू चाचणीत कातडीत ट्युबरक्युलिन टोचून ४८ ते ७२ तासांनी गाठ मोजतात. ती गाठ म्हणजे जमलेल्या टी व महाभक्षी पेशींचीच खूण.

मग व्रण असला की क्षय होणार नाही, असे समजायचे का? नाही. चेन्नईशेजारच्या तेव्हाच्या चेंगलपट्टू जिल्ह्यात १९६८ मध्ये बीसीजीची फार मोठी चाचणी सुरू झाली. सुमारे साडेतीन लाखांहून अधिक लोक तीत होते. प्रौढांच्या फुप्फुसांच्या क्षयापासून तिथे संरक्षण दिसले नाही. वातावरणातील निरुपद्रवी मायकोबॅक्टेरियांशी आधीच आलेला संपर्क हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. बालकांतील क्षयजन्य मेंदुज्वरासारख्या गंभीर प्रकारांपासून बीसीजी संरक्षण देते, म्हणून ती जन्मतःच देतात. यातून घ्यायचा धडा असा: टी पेशींचा प्रतिसाद दिसणे आणि संरक्षण मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दंडावर व्रण असला तरी दोन आठवड्यांहून जास्त खोकला असल्यास तपासणी करून घ्यावीच.

५. साहाय्यक पेशीच गेल्या तर? एचआयव्ही

एचआयव्ही सीडी४ रेणूला चिकटूनच पेशीत शिरतो. सेनापतीच पडल्यावर बी पेशी, मारक पेशी आणि महाभक्षी पेशी सगळ्याच दुबळ्या होतात. निरोगी प्रौढात सीडी४ पेशी साधारण ५०० ते १,५०० प्रति घनमिलिमीटर असतात. ही संख्या २०० च्या खाली गेली की एड्सची अवस्था मानतात. अशा रुग्णात क्षय बळावतो, आणि मॅन्टू चाचणी मात्र खोटी निगेटिव्ह येऊ शकते, कारण गाठ उठवणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात.

भारतातील एचआयव्हीची पहिली लागण १९८६ मध्ये चेन्नईत शोधून काढली, ती मद्रास मेडिकल कॉलेजच्या डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, चेन्नईतील मराठी कुटुंबातल्या. १९९३ मध्ये त्यांनी उभारलेले वाय. आर. गायतोंडे केंद्र वडिलांच्या नावाने आहे. नियमित औषधांनी विषाणू दबला की सीडी४ पेशी पुन्हा वाढतात. औषध मधेच सोडले की त्या पुन्हा घटतात. म्हणून बरे वाटत असले तरी गोळ्या थांबवायच्या नसतात.

६. अतिरेक आणि उपचार

टी पेशींनी स्वादुपिंडातील बीटा पेशी मारल्या की पहिल्या प्रकारचा मधुमेह होतो. उलट, हीच मारकशक्ती कर्करोगाकडेही वळवता येते. कार-टी उपचारात रुग्णाच्या टी पेशी काढून, त्यांना नवा ग्राहक रेणू बसवून परत देतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या नेक्सकार१९ या उपचाराला भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. तो बी पेशींच्या काही कर्करोगांवर आहे. त्यातही सायटोकाइनचा लोंढा उसळण्याचा धोका सांभाळावा लागतो.

स्वाध्याय

१. क्षयाविरुद्ध प्रतिपिंडे का पुरत नाहीत?
२. एचआयव्ही सीडी४ पेशी मारतो, तरी प्रतिपिंडांची गुणवत्ताही का घसरते?
३. नियामक टी पेशी वाढवणे कोणत्या आजारात हितकर आणि कोणत्या आजारात घातक ठरेल? कारणे द्या.