पडद्यावरील रंगाची पडताळणी

नमुना तळहातावर घेऊन, दुकानाच्या दारात उजेडाकडे धरून मालाची पारख करावी, ही आपल्या पेठेची जुनी रीत. तूरडाळीचा पिवळेपणा, गुळाचा सोनेरी वर्ण, निपाणीच्या तंबाखूचा रंग यांवर प्रतवारी व भाव ठरत आले आहेत. हल्ली मात्र नमुन्याच्या आधी त्याचे छायाचित्र जाते, आणि ते संगणकावर थोडे नीटनेटके करून पाठविण्याचा प्रघात पडला आहे. डाळ छायाचित्रात झळझळीत दिसली आणि पोते उघडल्यावर फिकी निघाली, तर खरेदीदाराचा विश्वास व्यापाऱ्याच्या शब्दावरूनच उडतो. म्हणून पडद्याच्या रंगाची व्यवस्था व्यापारी बंधूंनी समजून घेणे अगत्याचे आहे.

पडद्यावरील प्रत्येक ठिपका तांबडा, हिरवा व निळा अशा तीन प्रकाशांच्या मिश्रणाने रंगतो. प्रत्येक प्रकाशाचे प्रमाण सामान्यतः ० ते २५५ या अंकांनी सांगतात. अडचण अशी की, तेच अंक दिले तरी दोन कंपन्यांचे पडदे, किंबहुना एकाच कंपनीचे नवा व जुना असे दोन पडदेही, निरनिराळा रंग दाखवितात.

हा घोटाळा निस्तरण्यासाठी 'कलर प्रोफाइल' नावाची छोटी फाईल असते. अमुक अंक दिले असता हा पडदा प्रत्यक्षात कोणता रंग दाखवितो, याची ती नोंदवही होय. आपल्या सीमाभागात कानडी व मराठी बोलणाऱ्यांचा सौदा जुळविताना दुभाषी जे काम करतो, तेच काम छायाचित्र आणि पडदा यांच्यामध्ये प्रोफाइल करते. अशा फाईलींचे सर्वमान्य स्वरूप ठरविण्यासाठी १९९३ साली 'इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम' ही संस्था स्थापन झाली. १९९६ साली मायक्रोसॉफ्ट व ह्यूलेट-पॅकार्ड या कंपन्यांनी सामान्य पडद्यांसाठी 'एसआरजीबी' हे प्रमाण पुढे मांडले.

आता प्रत्यक्ष कृती. पडदा अर्धा तास चालू ठेवून मग कामास लागावे. रात्री पडदा पिवळसर करणारी सोय बंद करावी. पडद्यावर थेट ऊन वा दिव्याची तिरीप पडू देऊ नये. पांढरा रंग ६५०० केल्व्हिन, गॅमा २.२ आणि तेजस्विता दर चौरस मीटरला ८० ते १२० कॅन्डेला ठेवावी. त्यानंतर 'कलरीमीटर' हे लहान यंत्र पडद्यावर टेकवून ठेवले की, त्यासोबतचा प्रोग्रॅम एकामागून एक रंग दाखवितो, मोजतो आणि प्रोफाइल तयार करून संगणकात बसवितो. यंत्र नसल्यास विंडोज व मॅक या प्रणालींत डोळ्यांच्या अंदाजाने जुळवणी करण्याची सोय आहे. तिने काम भागते. परंतु तो अंदाजच समजावा.

येथे एक गफलत नेहमी होते. पडद्याचे प्रोफाइल संगणकाच्या प्रणालीत बसवावयाचे असते. फोटोशॉपसारख्या प्रोग्रॅममध्ये 'वर्किंग स्पेस' म्हणून तेच निवडू नये. वर्किंग स्पेस म्हणजे बाजारात सर्वांनी मान्य केलेले माप, तर पडद्याचे प्रोफाइल म्हणजे आपल्या एकट्या काट्यातील फरकाची नोंद. मोबाइलवर पाठवावयाच्या चित्रांसाठी वर्किंग स्पेस 'एसआरजीबी' ठेवावी आणि चित्र साठविताना प्रोफाइल सोबत जोडावे. छपाईसाठी मात्र कोणते प्रोफाइल हवे, ते छापखान्यास आधी विचारावे.

छायाचित्र घेतानाच उजेड पिवळा असेल, तर पडदा कितीही अचूक असून उपयोग नाही. यास्तव मालाशेजारी रंगहीन करडे कार्ड ठेवून फोटो घ्यावा आणि त्यावरून पांढऱ्या रंगाची दुरुस्ती करावी. एवढे करूनही घेणाऱ्याचा मोबाइल आपल्या ताब्यात नसतो. छायाचित्राने मालाची ओळख पटावी; सौदा नमुन्यावरच व्हावा.

आपल्या इलेक्ट्रॉनिक काट्याची सरकारी पडताळणी दरवर्षी होते. पडद्यावर शिक्का मारावयास कोणी निरीक्षक येत नाही. ती जबाबदारी दुकानदाराची स्वतःची आहे. पडद्याचा रंग काळानुसार ढळत जातो, म्हणून महिन्यातून एकदा ही मोजणी करावी. यास वेळ थोडाच लागतो, आणि जे दाखविले तेच पोत्यात आहे, असे गिऱ्हाइकास निःशंक मनाने सांगता येते.