छातीवर कोण बसते? स्वप्ने, साहित्य आणि तुमची झोप

मराठीत आपल्याला स्वप्न 'पडते'. ताप येतो, उचकी लागते, दरदरून घाम फुटतो, तसेच हे. करणारे आपण नसतो, ते आपल्याला होते. स्वप्न 'बघायचे' ते स्वतःच्या घराचे किंवा मुलीला डॉक्टर करण्याचे. तिथे मात्र कर्ता आपण असतो. भाषेने केलेला हा भेद वैद्यकीयदृष्ट्याही बराच अचूक आहे. झोपेत स्वप्न रंगलेले असते तेव्हा मेंदूचा विचार करणारा, 'हे कसे शक्य आहे?' असे विचारणारा पुढचा भाग मंदावलेला असतो आणि भीतीशी संबंधित असलेला अमिग्डाला हा भाग चांगलाच जागा असतो. म्हणून मेलेले आजोबा शाळेच्या परीक्षेला बसलेले दिसले तरी आपल्याला स्वप्नात त्याचे काहीच वाटत नाही, पण परीक्षेची भीती मात्र खरी वाटते.

हा लेख स्वप्नांचे शुभ-अशुभ अर्थ सांगणारा नाही. झोपेच्या प्रयोगशाळा निघण्याच्या कितीतरी आधी लोकांनी स्वप्नांविषयी जे म्हणून ठेवले, लिहिले, रंगवले, त्यात लक्षणांची फार बारीक नोंद आहे. ती ओळखता आली तर आपल्याला जे होते ते डॉक्टरांना सांगणे सोपे जाते. बरेच रुग्ण हे सांगतच नाहीत. बीपी, गुडघे, पोट सगळे झाल्यावर दरवाजापाशी जाऊन, जरा हसत, "झोपेत काहीतरी विचित्र होतं हो" असे म्हणतात. नेमके तेच कधीकधी सगळ्यांत महत्त्वाचे असते.

साखरझोपेतले स्वप्न

१९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातील युजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी झोपलेल्या माणसाचे डोळे ठरावीक काळाने पापण्यांआड भराभर हलतात हे नोंदवले. झोपेच्या या टप्प्याला 'रेम' झोप म्हणतात. साधारण दर दीड तासाने हा टप्पा येतो आणि रात्र सरत जाईल तसा लांबत जातो. सर्वांत लांब रेम झोप पहाटे लागते. स्वप्ने इतर टप्प्यांतही पडतात, पण गोष्टीसारखी रंगलेली, भावनेने भरलेली स्वप्ने बहुतेक याच टप्प्यातली.

'पहाटेचे स्वप्न खरे होते' ही समजूत आता वेगळ्या नजरेने पाहा. पहाटे स्वप्ने जास्त पडतात, ती जास्त स्पष्ट असतात आणि लगेच जाग आल्यामुळे लक्षातही राहतात. रात्री अकराच्या झोपेतले स्वप्न कुणाला आठवत नाही, मग ते खरे ठरले की खोटे हे तपासणार कोण? चरकसंहितेतही हा फरक टिपलेला आहे. रात्रीच्या सुरुवातीला पडलेले स्वप्न कमी फळ देणारे आणि ज्यानंतर पुन्हा झोप लागत नाही ते मोठे फळ देणारे, असे तिथे म्हटले आहे. 'फळ' हा भाग मी सोडून देतो, पण निरीक्षण पक्के आहे.

त्याच ठिकाणी चरकाने स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत : पाहिलेल्या, ऐकलेल्या, अनुभवलेल्या, हव्याशा वाटणाऱ्या आणि कल्पिलेल्या गोष्टींची, पुढचे सुचवणारी आणि सातवी 'दोषज', म्हणजे शरीरातील बिघाडामुळे पडणारी. पहिल्या पाचांना फळ नसते असे तो स्पष्ट म्हणतो. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही आपली म्हण म्हणजे याच पाच प्रकारांचा सारांश. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा प्रकार सातवा. त्याकडे पुढे येऊ.

छातीवर बसलेले ते

जाग आलेली असते. खोली दिसते, पंख्याचा आवाज ऐकू येतो, शेजारी माणूस झोपलेले कळते. पण हात हलत नाही, तोंडातून आवाज फुटत नाही आणि छातीवर कुणीतरी बसले आहे असे वाटते. कोपऱ्यात एखादी आकृती उभी असते. काही सेकंदांत, फार तर एखाद-दोन मिनिटांत सगळे सुटते आणि माणूस घामाघूम होऊन उठून बसतो.

आपल्याकडे याला कुणी मुंजा म्हणते, कुणी हडळ, कुणी नुसतेच 'बाहेरचे'. जपानमध्ये याला 'कानाशिबारी' म्हणतात, म्हणजे धातूने जखडल्यासारखे होणे. कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावर छातीवर म्हातारी बसते. वाईट स्वप्नासाठी इंग्रजीत असलेल्या 'नाइटमेअर' या शब्दातला 'मेअर' म्हणजे घोडी नव्हे. झोपलेल्याच्या छातीवर बसणाऱ्या भुताचे ते जुने नाव आहे. हेन्री फ्यूझेलीने १७८१ मध्ये याच नावाचे चित्र रंगवले. ते आता डेट्रॉइटच्या कला संग्रहालयात आहे. पलंगावर उताणी पडलेली बाई, लोंबकळणारे डोके आणि हात, छातीवर बसलेले बुटके भूत, पडद्यातून डोकावणारे घोड्याचे डोके. तिला उताणी दाखवणे हे मला या चित्रातले सर्वांत खरे वाटते, कारण हा त्रास उताणे झोपल्यावर अधिक होतो.

वैद्यकशास्त्रात याला 'स्लीप पॅरालिसिस' म्हणतात. आयुष्यात कधीतरी हा अनुभव येणारे साधारण शंभरात आठ जण असतात; विद्यार्थ्यांमध्ये हे प्रमाण बरेच जास्त आढळते. कारण असे : रेम झोपेत आपण स्वप्नातल्यासारखे धावू-मारू नये म्हणून मेंदूचा खालचा भाग हातापायांचे स्नायू सैल करून ठेवतो. डोळ्यांचे स्नायू आणि श्वासाचा मुख्य पडदा मात्र चालू राहतो. कधी भान आधी जागे होते आणि स्नायूंचा कुलूपबंद मागे राहतो. छातीचे स्नायू सैल असल्यामुळे मुद्दाम खोल श्वास घेऊ पाहिले तर घेता येत नाही, म्हणून दडपण वाटते. स्वप्नाचा उरलेला तुकडा खोलीतच दिसतो. त्या तुकड्याला मुंजाचे रूप द्यायचे की म्हातारीचे, हे ज्या त्या गावच्या गोष्टी ठरवतात.

यात जिवाला धोका नसतो आणि श्वास बंद पडत नाही. त्या वेळी सगळे अंग हलवण्याची धडपड करण्याऐवजी एखादे बोट किंवा डोळे हलवण्यावर लक्ष द्या. कुशीवर झोपा. अपुरी झोप, रात्रपाळी, परीक्षेच्या आधीची जागरणे यांमुळे हे वाढते. झोपेची वेळ ठरली की बहुतेकांचा त्रास कमी होतो. पण सोबत दिवसा अनावर झोप येत असेल, किंवा जोरात हसल्यावर गुडघे लटपटून खाली बसावे लागत असेल, तर नार्कोलेप्सी हा वेगळा आजार असू शकतो. त्यासाठी न्यूरोलॉजिस्टला भेटायला हवे.

हे मुद्दाम लांबवून सांगतो आहे, कारण या लक्षणापायी अनेक घरांतल्या मुली आणि नवविवाहिता डॉक्टरांऐवजी देवऋषीकडे नेल्या जातात. अंगाऱ्याने नुकसान होत नसेल, मारहाणीने होते. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

झोपेतली लढाई

आता याच्या उलट प्रकार. कुलूप लागायलाच हवे तेव्हा ते लागत नाही.

सर्व्हान्टिसच्या 'डॉन किहोते' या कादंबरीचा पहिला भाग १६०५ मध्ये आला. त्यात पन्नाशीला टेकलेला नायक खाणावळीत झोपलेला असताना तलवार उपसतो आणि राक्षस समजून दारूने भरलेल्या कातडी पखाली फाडून टाकतो. लाल दारू खोलीभर वाहते, लोकांना वाटते रक्तच. त्याचे डोळे मिटलेले असतात आणि अंगावर गार पाणी ओतावे लागते. वाचताना हसू येते. पण निद्राविकारांचे अभ्यासक हा प्रसंग गंभीरपणे वाचतात. १९८६ मध्ये अमेरिकेत शेन्क आणि महोवाल्ड यांनी माणसांत वर्णन केलेल्या 'रेम स्लीप बिहेवियर डिसऑर्डर' या आजाराशी त्याचे साम्य आहे. वय पन्नाशीचे, बहुधा पुरुष, स्वप्नात कुणीतरी हल्ला करते आणि आपण प्रतिकार करतो. फरक इतकाच, की खरे रुग्ण खोलीभर फिरत नाहीत. ते बिछान्यातच लाथा-बुक्के मारतात, ओरडतात, कधी पलंगावरून खाली पडतात. हलवून उठवले की चटकन भानावर येतात आणि स्वप्न सांगतात.

शेजारी झोपलेल्या बायकोला मार बसतो आणि ती सकाळी कुणाला सांगत नाही. "यांना झोपेत बडबडायची सवयच आहे," एवढ्यावर विषय मिटतो. झोपेत बरळणे सर्रास आढळते आणि त्याने काही बिघडत नाही. पण पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली ही मारामारी तशी नाही. ज्यांच्यात याचे दुसरे कारण सापडत नाही, अशांपैकी दरवर्षी शंभरात साधारण सहा जणांना पुढे पार्किन्सन किंवा त्याच्या जवळचा, स्मरणशक्तीवर परिणाम करणारा आजार होतो. वास कमी येणे, बद्धकोष्ठता ही लक्षणेही आधीपासून असू शकतात. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. नैराश्यावरच्या काही गोळ्यांमुळेही असे होते. त्या मनाने बंद न करता डॉक्टरांशी बोलून बदलता येतात. खात्री करायला व्हिडिओसह रात्रभराची झोपेची तपासणी लागते. इजा टाळणारी औषधे आहेत. ती सुरू होईपर्यंत गादी जमिनीवर घाला, टेबल आणि काचेच्या वस्तू दूर ठेवा, काही दिवस वेगळे झोपा. यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

शेक्सपिअरची लेडी मॅकबेथ मात्र या गटातली नाही. ती डोळे उघडे ठेवून चालते, हात चोळून धुते. झोपेत चालण्याचा हा प्रकार बहुतेकदा गाढ, रेम नसलेल्या झोपेतला. तिथे हजर असलेला डॉक्टर ती काय बोलते ते लिहून ठेवतो. चारशे वर्षे झाली, आजही कुटुंबीयांकडून आम्हाला तेवढेच हवे असते.

लहान मुलेही अशाच गाढ झोपेतून, रात्रीच्या पहिल्या भागात, किंचाळत उठतात. आई समोर असून ओळखत नाहीत, सकाळी काही आठवत नाही. दृष्ट काढायची तर काढा. फक्त मुलाला गदागदा हलवून जागे करू नका. पडणार नाही एवढे पाहा, काही मिनिटांत ते पुन्हा झोपते.

गेलेले माणूस स्वप्नात येते तेव्हा

भासाच्या 'स्वप्नवासवदत्त' या नाटकात उदयनाला आपली राणी जळून मेली असे वाटत असते. तो झोपेत तिचे नाव घेतो, आणि जवळ बसलेली खरीखुरी वासवदत्ता त्याला उत्तर देते. त्याचा लोंबकळणारा हात बिछान्यावर ठेवून ती निघून जाते. जागा झाल्यावर तो सांगतो की ती आली होती. विदूषक म्हणतो, स्वप्न पडले असेल.

जोडीदार गेलेल्या लोकांचे म्हणणे थेट असेच असते : "ती आली होती, हात लावला." हा वेडेपणा नाही. शोकात अशी स्वप्ने नेहमी पडतात आणि अनेकांना त्यांनी बरे वाटते. तुकाराम महाराजांनी स्वतःच सांगितले आहे की नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन त्यांना कवित्व करायला सांगितले. अशा स्वप्नासाठी आपल्याकडे 'दृष्टांत' हा वेगळा शब्द आहे. त्याचा अर्थ लावणे डॉक्टरांचे काम नाही आणि मी लावत नाही. गेलेले माणूस स्वप्नात रडताना दिसले म्हणून त्याचे काही राहून गेले, असे मानून स्वतःला दोष मात्र देऊ नका. झोप उडाली, जेवण सुटले, जगणे नकोसे वाटू लागले, तर मदत घ्या. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.

'दोषज' स्वप्ने आणि कागद-पेन

वाईट स्वप्ने अचानक वाढली तर आधी औषधांची यादी काढा. मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल यांसारख्या बीपी-हृदयाच्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधे, दमा-अ‍ॅलर्जीसाठी मुलांनाही दिले जाणारे मॉन्टेलुकास्ट यांमुळे असे होऊ शकते. रोजची दारू एकदम सोडल्यावरही होते. इन्सुलिन घेणाऱ्याला रात्री भीतिदायक स्वप्न पडून कपडे भिजेपर्यंत घाम आला, सकाळी डोके जड झाले, तर रात्री साखर खाली जाते का हे तपासायलाच हवे. गुदमरण्याची, बुडण्याची स्वप्ने आणि जोडीला मोठे घोरणे असेल तर झोपेत श्वास अडकत असण्याची शक्यता असते.

अपघात, अत्याचार, आग अशा प्रसंगांनंतर तेच स्वप्न पुनःपुन्हा पडत राहते. यावरचा एक चांगला उपचार लेखकाच्या कामासारखा आहे. स्वप्न कागदावर लिहायचे, मग त्यात हवा तसा बदल करून नवी आवृत्ती लिहायची आणि दिवसा, जागेपणी, रोज दहा-वीस मिनिटे ती डोळ्यांसमोर आणायची. लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांवर केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत या पद्धतीने दुःस्वप्ने कमी झाली आणि झोप सुधारली. शेवट गोड करायची सक्ती नाही. भिंतीला दार काढले तरी चालते. साध्या स्वप्नापासून सुरुवात करा. मूळ प्रसंग भयंकर असेल तर मानसोपचारतज्ज्ञाच्या सोबतीनेच करा.

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची नोंद न्या : किती वाजता झाले, स्वप्न आठवते का, अंग हलत होते की जखडले होते, त्या दिवशी कोणती गोळी घेतली होती. शेजारी झोपणाऱ्यालाही सोबत न्या, कारण निम्मी माहिती त्याच्याकडेच असते. रात्री हातवारे सुरू झाले आणि जमले, तर मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवा. अर्ध्या मिनिटाचे असले तरी उपयोगाचे आहे.